कंपास, पट्टी आणि डोळा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं सगळं आयुष्य छापखान्यात गेलं. म्हणून आज अक्षरांच्या खिळ्यांविषयीच बोलायचं मी ठरवलं. त्यातही एका जर्मन टाइपविषयी. त्याचं नाव फुटुरा. 1927 साली फ्रँकफर्टच्या बाउअर टाइप फाउंड्रीनं तो बाजारात आणला आणि आज शंभर वर्षं होत आली तरी त्याचा वापर थांबलेला नाही.

फुटुराबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘ही कंपास आणि पट्टीनं काढलेली अक्षरं.’ पाठ्यपुस्तकांत असतं, कलाशाळेतले विद्यार्थी परीक्षेत लिहितात. दिसायलाही ते खरं वाटतं. रोमन अक्षरांच्या टोकांना जे बारीक पाय असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, ते इथे नाहीत. ‘ओ’ म्हणजे वर्तुळ. ‘ए’, ‘व्ही’, ‘एम’ यांची टोकं अणकुचीदार. सगळ्या रेघा एका जाडीच्या. माझं म्हणणं असं की हे वाक्य अर्धंच खरं आहे आणि फुटुरा टिकला तो उरलेल्या अर्ध्यामुळे. कंपासनं जे सांगितलं ते जिथे जिथे पाउल रेनर यांनी ऐकलं नाही, तिथे तिथे हा टाइप वाचनीय झाला.

आधी रेनर कोण ते पाहू. जन्म 1878 चा, जर्मनीतल्या वेर्निगेरोडं या गावचा. शिक्षण चित्रकाराचं. 1907 पासून ते म्युनिकमध्ये गेओर्ग म्युलर या प्रकाशन संस्थेसाठी पुस्तकांची मांडणी करत. मुखपृष्ठ, समास, ओळींमधलं अंतर, कुठल्या मजकुराला कुठला टाइप शोभेल, हा त्यांचा रोजचा उद्योग, आणि तोही अगदी परंपरेला धरून चालणारा. म्हणजे फुटुरा ही काही विशीतल्या बंडखोर पोराची करामत नव्हे. शेकडो पुस्तकांची पानं हाताखालून गेलेला, पन्नाशीला टेकलेला माणूस त्यामागे आहे. रेनर बाउहाउस या जर्मन कलाशाळेचे होते असंही सर्रास लिहिलं जातं. ते तिथे शिकलेही नाहीत आणि तिथे त्यांनी शिकवलंही नाही.

त्या काळात जर्मन माणूस काय वाचत होता? बव्हंशी फ्राक्टुर, म्हणजे मोडलेल्या, टोकदार रेघांची ती जुनी गॉथिक लिपी. युरोपातल्या बहुतेक देशांनी ती केव्हाच सोडून रोमन वळण घेतलं होतं. जर्मनीत मात्र दोन्ही चालत आणि कुठली खरी आपली यावर जोरात वाद होत. सेरिफ नसलेली अक्षरंही नवी नव्हती. इंग्लंडमध्ये चौथ्या विल्यम कॅस्लननं 1816 साली तसा पहिला टाइप नमुन्यादाखल छापला होता, फक्त कॅपिटल अक्षरांचा. पुढे जाहिराती, पावत्या, वेळापत्रकं यांसाठी असे टाइप भरपूर निघाले. त्यांना ग्रोटेस्क म्हणत. बर्लिनच्या बेर्टहोल्डचा अक्सिडेंझ ग्रोटेस्क हा त्यांतला नामांकित. पण ही सगळी धंद्याची अक्षरं. सेरिफ असलेल्या अक्षरांचेच पाय कापल्यासारखी दिसणारी. चांगलं पुस्तक त्यांत छापावं असं कुणाच्या मनात येत नसे.

1924 च्या उन्हाळ्यात याकोब हेग्नर हे प्रकाशक रेनर यांच्या चित्रशाळेत आले. आपल्या काळाचा वाटेल असा टाइप काढून द्या, अशी मागणी त्यांनी केली. रेनर कामाला लागले. रेखाटनं हेग्नरना आवडली, पण पुढे त्यांच्याकडून काही हललं नाही. मग ती रेखाटनं फ्रँकफर्टच्या बाउअर फाउंड्रीकडे गेली. मालक गेओर्ग हार्टमान यांनी त्यांत रस घेतला आणि चाचणीचे खिळे पाडायला सांगितलं. तिथून 1927 पर्यंतचा काळ हा या कथेतला सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि नेमका तोच सांगायचा राहून जातो.

रेनर यांच्यासमोरचा खरा प्रश्न ‘आधुनिक दिसायचं कसं’ हा नव्हता. प्रश्न रोमन लिपीच्या पोटातलाच होता. रोमन कॅपिटल आणि लहान अक्षरं आपण जुळी भावंडं समजतो, पण त्यांच्या जन्मांत शतकांचं अंतर आहे. कॅपिटल अक्षरं प्राचीन रोमच्या शिलालेखांची. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावर ती आजही दिसतात. दगडावर छिन्नीनं कोरलेली, जागच्या जागी उभी, चौकोन, वर्तुळ आणि त्रिकोणाच्या मापांत बसणारी. लहान अक्षरं शार्लमेनच्या काळातल्या, आठव्या-नवव्या शतकातल्या लेखनिकांची. चर्मपत्रावर पिसाच्या लेखणीनं झरझर लिहिलेली, डावीकडून उजवीकडे धावणारी. पंधराव्या शतकात इटलीतल्या मुद्रकांनी ही दोन घराणी एका खणात आणून ठेवली. सेरिफमुळे ती एकमेकांशी जुळल्यासारखी वाटतात. सेरिफ काढून टाका, की सांधा उघडा पडतो. रेनर यांना हा सांधा दिसला. ग्रोटेस्कवाल्यांना तो दिसला नव्हता, किंवा दिसून त्यांनी सोडून दिला होता.

त्यांनी ठरवलं की लहान अक्षरांतली लेखणीची धाव काढून टाकायची आणि त्यांना कॅपिटलसारखं स्थिर करायचं. म्हणून फुटुराच्या लहान ‘यू’ला उजवीकडे दांडा आणि शेपूट नाही. ‘जे’ म्हणजे नुसती सरळ उभी रेघ आणि वर टिंब. ‘टी’ म्हणजे अधिकच्या खुणेसारखी एकमेकींना छेदणारी दोन रेघांची जोडी, खालचा आकडा नाही. ‘ए’ दोन मजली नाही. एक गोल आणि त्याला चिकटलेला दांडा, इतकाच. उलट कॅपिटल अक्षरांना त्यांनी अजिबात दुखवलं नाही. शिलालेखांतली मापं तशीच ठेवली: ‘ई’, ‘एफ’, ‘एल’, ‘एस’ अरुंद, ‘ओ’, ‘सी’, ‘डी’ ऐसपैस. ग्रोटेस्क टाइपांत सगळी कॅपिटल जवळजवळ एका रुंदीची असतात, त्यामुळे ओळ एकसुरी दिसते. फुटुरात कॅपिटलनं लिहिलेला एखादा शब्द पाहा, त्यात रुंद-अरुंद अशी लय आहे. सगळ्यात आधुनिक म्हणून मिरवलेल्या या टाइपची निम्मी श्रीमंती दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटांची आहे. मला रेनर यांच्याविषयी आदर वाटतो तो इथे.

पहिल्या रेखाटनांत मात्र ते कंपासच्या फारच आहारी गेले होते. त्या वेळचा लहान ‘आर’ म्हणजे एक उभा दांडा आणि शेजारी हवेत तरंगणारं टिंब. ‘एम’ आणि ‘एन’ काटकोनात वळलेले, दाराच्या चौकटीसारखे. ‘जी’ तर भूमितीचे तुकडे जुळवून केलेला. कागदावर ही अक्षरं देखणी दिसतात. सुट्टं अक्षर पाहताना डोळा सुखावतो. पण वाचणारा माणूस सुट्टं अक्षर कधी पाहतो? तो शब्द पाहतो, ओळ पाहतो. ओळीत तो ‘आर’ आला की त्यातलं टिंब निसटून पुढच्या अक्षराला जाऊन मिळतं आणि शब्द फुटतो. चाचणीचे खिळे पडले, छापून झाले, पुन्हा रेखाटलं गेलं. फाउंड्रीचे कलासल्लागार हाइनरिख योस्ट आणि तिथले कारागीर या कामात होते. एकेक करत ही विक्षिप्त अक्षरं मागे पडली. काही थोडा काळ पर्यायी खिळे म्हणून मिळत राहिली, नंतर तीही गेली.

त्याच सुमाराला बाउहाउसमध्ये हर्बर्ट बायर यांनी फक्त लहान अक्षरांची, वर्तुळाच्या कमानींवर आधारलेली वर्णमाला आखली होती. योझेफ आल्बेर्स यांनी चौकोन, त्रिकोण आणि पाव वर्तुळ एवढ्यातच स्टेन्सिलची अक्षरं बसवली होती. दोन्ही प्रयोग कलेच्या इतिहासात मानाचे आहेत. पण त्यांत पुस्तक छापून वाचा म्हटलं तर चार पानांत डोळे दुखतील. भूमितीचा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. रेनर यांनी तो मोडायचं धाडस केलं.

आता तो मोडला कुठे, ते जरा बारकाईनं पाहू.

एका उंचीचा चौकोन आणि त्याच उंचीचं वर्तुळ शेजारी ठेवा. वर्तुळ लहान दिसतं, कारण ते वरच्या आणि खालच्या रेषेला फक्त एका बिंदूत शिवतं. म्हणून फुटुराचा ‘ओ’ ओळीच्या किंचित वर आणि किंचित खाली जातो. टोकदार ‘ए’चं तेच. मापानं बसवला तर बुटका दिसतो, म्हणून त्याचं टोक बाकीच्या कॅपिटलच्या वर काढलं आहे.

आडवी आणि उभी रेघ तंतोतंत एका जाडीची काढली तर आडवी जाड वाटते. म्हणून ‘ई’चे आडवे हात उभ्या दांड्यापेक्षा बारीक आहेत. ज्या अक्षरांना सगळे ‘एका जाडीची’ म्हणतात, त्यांत प्रत्यक्षात एक जाडी कुठेच नाही.

आणि सगळ्यात नाजूक जागा म्हणजे गोल आणि दांडा जिथे भेटतात तो सांधा. ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘एन’ या अक्षरांत तिथे दोन जाड रेघा एकमेकींत शिरतात आणि काळा डाग साठतो. लहान आकारात छापताना तर शाई तिथेच थबकते. रेनर यांनी सांध्याजवळ येताना गोलाई बारीक करत नेली. भिंग घेऊन ‘एन’ची कमान पाहिलीत तर दांड्यापाशी ती चांगलीच निमुळती झालेली दिसेल. ठळक जाडीत तर हे आणखी वाढतं, कारण तिथे पोटातली मोकळी जागा वाचवायची असते. भूमिती यातलं काही सांगत नाही. हे डोळ्यानं ठरवावं लागतं, छापून पाहावं लागतं, पुन्हा घासावं लागतं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. फुटुरात ‘बी’, ‘एल’, ‘एच’ यांसारख्या लहान अक्षरांचे वर जाणारे दांडे कॅपिटलपेक्षाही उंच आहेत. जर्मन भाषेत प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं, त्यामुळे जर्मन पानावर कॅपिटलची गर्दी होते. ती अक्षरं बुटकी ठेवली की पान शांत दिसतं. भाषा अक्षराला कसा आकार देते याचा इतका चोख दाखला दुसरा नाही.

फुटुरा निघाला आणि खपला. हलका, मध्यम आणि ठळक अशा जाड्यांनी सुरुवात झाली. पुढच्या काही वर्षांत आणखी जाड्या आणि पुस्तकाच्या मजकुरासाठी खास जाडीही आली. पॅरिसच्या दबर्नी ए पेन्यो या फाउंड्रीनं तो फ्रान्समध्ये ‘युरोप’ या नावानं विकला. अमेरिकेत ट्वेंटिएथ सेंच्युरी, स्पार्टन, व्होग अशा नावांनी त्याच्यासारखे टाइप निघाले. शर्यतीत तो एकटा नव्हता. त्याच फ्रँकफर्टमध्ये याकोब एर्बार यांचा भौमितिक टाइप थोडा आधीच येऊन गेला होता आणि रुडॉल्फ कोख यांचा काबेल 1927 सालचाच. पण एर्बारमध्ये फुटुराची धार नाही आणि काबेलमध्ये सुलेखनकाराचा हात लपत नाही.

रेनर 1926 मध्ये म्युनिकला परतले होते. तिथे मुद्रकांना शिकवणाऱ्या संस्थेचे ते प्रमुख झाले आणि यान चिखोल्ड यांच्यासारखा तरुण त्यांनी शिकवायला आणला. 1932 मध्ये ‘कुल्टुरबोल्शेविस्मुस?’ ही त्यांची पुस्तिका झुरिचमध्ये प्रसिद्ध झाली. आधुनिक चित्रं, सपाट छपरांची घरं, नवी मुद्रणकला या सगळ्यांवर ‘सांस्कृतिक बोल्शेविझम’ असा शिक्का मारणाऱ्या नाझी प्रचाराला त्यांनी त्यात नावानिशी उत्तर दिलं होतं. सत्ता दाराशी येऊन ठेपली असताना, सरकारी संस्थेच्या प्रमुखपदावर बसून लिहिलेली ही पुस्तिका आहे. 1933 च्या मार्चमध्ये चिखोल्ड पकडले गेले, एप्रिलमध्ये रेनर. नोकरी गेली. टाइप मात्र विकला जात राहिला. आणि ज्या फ्राक्टुरला नाझींनी अस्सल जर्मन म्हणून डोक्यावर घेतलं होतं, तिच्यावर त्याच राजवटीनं 3 जानेवारी 1941 च्या आदेशानं बंदी घातली, ‘ज्यूंची अक्षरं’ असा धादांत खोटा ठपका ठेवून. लिपीला वंशाचं लेबल लावणाऱ्यांचा युक्तिवाद किती पोकळ असतो, ते या एका कागदानं सिद्ध केलं. रेनर 1956 मध्ये वारले.

पुढचा प्रवास तुमच्या ओळखीचा आहे. फोक्सवागेनच्या साठच्या दशकातल्या प्रसिद्ध जाहिराती फुटुरात आहेत. कलावंत बार्बारा क्रुगर यांच्या लाल पट्टीवरच्या पांढऱ्या ओळी फुटुराच्याच, ठळक आणि तिरक्या. 1969 साली अपोलो 11 च्या चांद्रयानाबरोबर जी धातूची पाटी चंद्रावर गेली, तिच्यावरची अक्षरंही फुटुराची.

तरीही कादंबरी फुटुरात छापा असं मी कुणाला सांगणार नाही. त्यातले लहान ‘ए’ आणि ‘ओ’ फार सारखे आहेत. कॅपिटल ‘आय’ आणि लहान ‘एल’ तर जवळजवळ एकच. लांब मजकुरात डोळ्याला धरायला खुंट्या कमी पडतात. शीर्षक, फलक, चार ओळींचा मजकूर, इथे तो राजा आहे. 1970 च्या आव्हाँ गार्ड गॉथिकनं तर वर्तुळं आणखी फुगवली आणि मजकुरासाठी तो आणखी निरुपयोगी झाला. आद्रियान फ्रुटिगर यांनी 1988 च्या आव्हेनिरमध्ये उलटी वाट धरली, वर्तुळाला माणसाळवलं. माझं मत विचाराल तर या घराण्यातला वाचायला सगळ्यात सुखाचा टाइप आव्हेनिर.

आता आपल्याकडे येऊ. देवनागरीत भौमितिक टाइप करता येतो का? येतो. 2014 मध्ये अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीनं पॉपिन्स हा टाइप खुल्या परवान्यानं प्रसिद्ध केला. त्याची देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. आज कितीतरी मराठी संकेतस्थळं आणि मोबाइल ॲप त्यात वाचली जातात. त्यातला एक निर्णय मुद्दाम पाहण्यासारखा आहे: रोमन कॅपिटल देवनागरी अक्षरांपेक्षा बुटकी ठेवली आहेत, त्यामुळे मराठी ओळीत एखादं इंग्रजी नाव आलं तर ते ओरडत नाही. रेनर यांनी जर्मन नामांसाठी जे केलं, त्याच जातीचा हा विचार आहे.

अडचणी मात्र आपल्या स्वतःच्या आहेत. आपली लिपी ओळीवर उभी नाही, शिरोरेषेला लटकते. शिरोरेषा ही पानभर पसरलेली आडवी रेघ. कान्याइतक्याच जाडीची ठेवली तर वरून काळं छप्पर दिसू लागतं, म्हणून ती बारीक हवी. बोरूची तिरकी कापणी आपल्या अक्षरांना जाड-बारीक देते आणि ती रोमन लेखणीच्या उलट बाजूची आहे. ती काढून टाकली की ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांना वेगळं ठेवणारी गाठ एवढाच आधार उरतो. ठळक जाडीत ती गाठ बुजली की शब्दच बदलतो. ‘ठ’ वर्तुळात सुखानं बसतो. ‘ब’च्या पोटात तिरकी रेघ आहे, तिला जागा कुठून द्यायची? ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ह्म’, ‘द्ध’ यांना कंपास काय सांगणार? एकाच वर्तुळातून ‘व’, ‘ब’, ‘क’ कापून काढलेली अक्षरं आज दुकानांच्या पाट्यांवर आणि सिनेमांच्या नावांत रोज दिसतात. बायर आणि आल्बेर्स जिथे थांबले तिथेच हे लोक थांबले आहेत आणि तेही शंभर वर्षांनी. रेनर यांची वर्तुळं आपण उचलली, त्यांची दुरुस्ती उचलली नाही.

त्यात मराठीची आणखी एक तक्रार. आपला ‘ल’ आणि आपला ‘श’ हिंदीहून वेगळे लिहिले जातात. अनेक टाइपांत मराठी रूपं नसतातच, किंवा असून आतल्या कप्प्यात पडून राहतात आणि छापताना हिंदीची रूपं उमटतात. मराठी मुलांच्या पुस्तकांतसुद्धा हे होतं. मला ते क्षम्य वाटत नाही.

आपल्याला परंपरा नाही असंही नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं मुंबईत पाडलेले खिळे देशभर नावाजले गेले, कारण तिथे अक्षर पुन्हा पुन्हा घासलं जात होतं. र. कृ. जोशी यांनी संगणकावर देवनागरी आणताना सुलेखनाची शिस्त सोडली नाही. त्यांचा मंगल हा टाइप कोट्यवधी पडद्यांवर गेला. आज इथे उत्तम अक्षरकार आहेत. त्यांना मिळत नाही ती सवड, आणि सवडीला पैसा लागतो.

म्हणून शेवटी मागणी मराठी प्रकाशकांकडे, दैनिकांकडे आणि पाठ्यपुस्तकं छापणाऱ्यांकडे आहे. फुकट मिळतो म्हणून टाइप निवडू नका. तुमच्या मजकुरासाठी, मराठी ‘ल’ आणि ‘श’सह, नवा टाइप एखाद्या अक्षरकाराकडून करवून घ्या. त्याला निदान तीन वर्षं द्या, त्या तीन वर्षांचे पैसे द्या आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्याचं नाव छापा.